डीडरिक हार्डर दोनदा गेले

पपा गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्यांनी स्वतःच्या मृत्यूची बातमी रेडिओवर ऐकली. सॉसेजचा तुकडा काट्याला टोचून तसाच हवेत धरून ते म्हणाले, "ऐंशी? मी एकोणऐंशीचा आहे."

आमच्या भागात दुपारच्या जेवणाच्या वेळी रेडिओवर आधी हवामान सांगतात, मग कोण गेलं ते. त्या वेळी घरोघरी काटे-चमचे थांबतात. "डीडरिक हार्डर, वय ऐंशी. अंत्यविधी मंगळवारी." एवढंच. सांगणाऱ्या बाईची यात काही चूक नव्हती. डीडरिक हार्डर नावाचे ऐंशी वर्षांचे गृहस्थ आदल्या दिवशी खरंच वारले होते. पण आमचे लोक दीडशे वर्षांपूर्वी रशियातून इथे मॅनिटोबाच्या गवतात येऊन राहिले ते गव्हाचं बी, भिंतीवरची घड्याळं आणि मोजकी नावं घेऊन, आणि त्या नावांतच अजून भागवतायत. आदल्या दिवसापर्यंत आमच्या गावाच्या आसपास तीन डीडरिक हार्डर होते. कोंबड्यांचा डीडरिक, लांबट डीडरिक, आणि जुन्या वस्तीच्या संग्रहालयात पवनचक्की चालवतो तो पवनचक्कीचा डीडरिक. तिसरे माझे वडील. रेडिओवर टोपणनाव सांगत नाहीत.

"कोंबड्यांचा गेला," पपा म्हणाले. "त्याला सांगत होतो, एवढी साय खाऊ नकोस."

मग त्यांनी काटा खाली ठेवला. कोंबड्यांचा डीडरिक शाळेत त्यांच्या शेजारी बसायचा. तेवढ्यात फोन वाजला. मी उठले.

"उचलू नकोस, पोरी."

"का?"

"बघू तरी कोण कोण येतं."

मी बावन्न वर्षांची आहे. विनिपेगच्या दफ्तरखान्यात जुने कागद सांभाळते, शनिवार-रविवारी पपांकडे यायचे. अशा प्रसंगी फोन उचलावा हे मला कळतं. पण त्यांच्या डोळ्यांत जे काही चमकलं ते आई गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. मी खाली बसले.

वीस मिनिटांत शेजारच्या टीना क्लिपेनश्टाइन आल्या. हातात टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं, त्यात एकावर एक बसवलेले लोण्याचे पाव. आमच्याकडे माणूस गेलं की आधी पाव येतात, अश्रू नंतर. पपांनी स्वतः दार उघडलं.

"ये टीना," ते म्हणाले. "फार वाईट झालं."

टीनाबाईंनी किंकाळी मारली ती मी स्वयंपाकघरात ऐकली. बाहेर येऊन पाहते तर त्या पायरीवर बसलेल्या, पातेलं मांडीवर घट्ट धरलेलं, आणि पपा टॉवेलाखाली हात घालून पाव काढतायत.

"मेल्या!" टीनाबाई म्हणाल्या.

"नाही ना, तेच तर सांगतोय."

"सकाळी केलेले पाव सगळे घेऊन आले मी! माझ्या नवऱ्यासाठी एक ठेवला नाही!"

"माझ्याबद्दल काय चांगलं बोलणार होतीस ते तरी सांग. एवढी चालत आलीस."

टीनाबाईंनी डोळे पुसले. "म्हणणार होते की मोठा शांत आणि नम्र माणूस होता," त्या म्हणाल्या. "आता नाही म्हणणार."

त्यानंतर दीड तासात सात जण आले. पपांनी प्रत्येकासाठी दार उघडलं आणि प्रत्येकाला विचारलं, काय बोलणार होतात? एकाने सांगितलं, चक्कीवर इतकी वर्षं काम करून बोटं शाबूत ठेवणारा दुसरा कोणी नव्हता. एक बाई म्हणाल्या, तुझी गाण्यातली पट्टी नेहमी वर जायची, पण देवाला चालून गेलं असेल. पपा मान डोलवत ऐकत होते, वाढदिवसाच्या मुलासारखे. टेबलावर पावांचा ढीग झाला. मी हसून हसून भांड्यांच्या कपाटाला टेकले होते.

तीनच्या सुमारास संग्रहालयाच्या कचेरीतून रूथचा फोन आला. या वेळी मी उचलला. माझा आवाज ऐकताच ती हुंदके देत म्हणाली, "लिओना, आम्ही चक्की थांबवलीय. पाती शोकात लावलीत. त्यांनीच शिकवलं होतं ना."

मी सांगणार होते. पण पपांनी ऐकलं होतं आणि ते टोपी शोधायला लागले होते.

"चल," ते म्हणाले. "माझा शोक बघायचाय मला."

पात्यांची ही भाषा आमची नाही, डच गिरणीवाल्यांची आहे. वादळात चक्कीची दोन पाती मोडली होती तेव्हा हॉलंडहून एक सुतार आला, उन्हाळाभर आमच्याकडे राहिला आणि पपांना शिकवून गेला. चक्की बंद करताना वरचं पातं सरळ उभं न करता जरा अलीकडे थांबवलं, म्हणजे ते अजून माथ्याकडे येतंय, तर घरात आनंद आहे, लग्न किंवा बाळ. माथा ओलांडून जरा पलीकडे थांबवलं, म्हणजे ते चाललंय, तर घरात कोणी गेलं. समोरून पाहिलं तर उजवीकडे आनंद आणि डावीकडे दुःख. मधलं अंतर हातभराचं.

आमचा मुलूख तव्यासारखा सपाट आहे. सूर्यफुलांच्या शेतांवरून चक्की दोन मैलांवरून दिसते. मी गाडी चालवत होते. पपा काचेला नाक लावून बसले होते, आणि एकदम ओरडले, "थांब! थांब थांब!"

मी ब्रेक मारला.

"उजवीकडे आहे," ते म्हणाले. "पोरी, उजवीकडे! मी मेल्याचा आनंद करतायत!"

ते इतके हसले की त्यांना दम लागला, आणि मी त्यांच्या पाठीवर थोपटलं, आणि मलाही आवरेना. मागून ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, वरच्या माणसाने विचारलं, काही मदत हवीय का, आणि पपा खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "नको, आम्ही अंत्ययात्रेला निघालोय."

इथे मला पत्राचं सांगितलं पाहिजे.

पपा वीस वर्षं त्या चक्कीत पाहुण्यांना गोष्टी सांगत होते. त्यातल्या बऱ्याच घडलेल्या नव्हत्या. त्यांची आवडती अशी: रशियात माझ्या पणजोबांनी पैज लावून फिरत्या पात्याला धरून एक पूर्ण फेरी मारली. वर पोचल्यावर त्यांना पलीकडच्या गावात कपडे वाळत घालणारी मुलगी दिसली. खाली येईपर्यंत त्यांचं लग्नाचं ठरलं होतं. "आणि दुसऱ्या फेरीत तिच्या बापाला विचारलं," पपा म्हणायचे. पाहुणे खूश व्हायचे. चार वर्षांपूर्वी मी विद्यापीठातल्या दोन जाणकारांना तिथे घेऊन गेले. पपांनी त्यांनाही फेरी सांगितली, आणि वर पात्यांची भाषा आपल्या पूर्वजांची म्हणून सांगितली. त्यांतल्या एकाने सौम्य हसून वहीत काहीतरी टिपलं. त्या हसण्याने मला घाम फुटला. त्याच संध्याकाळी मी संग्रहालयाच्या समितीला पत्र टाइप केलं. चक्कीत सांगितल्या जाणाऱ्या माहितीला आधार नाही. पात्यांची खूण आपल्या वसाहतींत वापरात असल्याचा एकही पुरावा नाही. पाहुण्यांची दिशाभूल होते. खाली सही केली नाही.

समितीने पपांना ते पत्र दाखवलं, त्यांच्या हातात छापील कार्ड दिलं आणि यापुढे एवढंच वाचायचं असं सांगितलं. पपा वाचायचे. उंची, पात्यांची लांबी, दळण्याचा वेग. मग कार्ड खिशात घालून म्हणायचे, "हे समितीचं झालं." आणि पुढे काही बोलायचे नाहीत. त्या "झालं"मध्ये फार काही असायचं.

लिहिणारा कोण याबद्दल त्यांना क्षणभरही शंका आली नाही. "अर्धविराम!" ते म्हणाले. "या सगळ्या मुलखात अर्धविराम वापरणारा एकच माणूस आहे." तो म्हणजे आरोन उन्गर, निवृत्त शिक्षक, चक्कीसमोरच्या जुन्या शाळेत पाहुण्यांना पाढे म्हणायला लावणारे, पपांचे साठ वर्षांपासूनचे मित्र. आणि मला अर्धविराम शिकवणारेही. पपांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात आरोनकाकांनी शाळेची किल्ली परत केली.

मी काहीच बोलले नाही. आधी वाटलं, निवळेल. मग वाटलं, आता सांगितलं तर जास्त लागेल. अशी चार वर्षं गेली.

आम्ही चक्कीपाशी पोचलो तेव्हा तिच्या मागच्या बाजूला, ब्रेकची दोरी लोंबते तिथे, आरोनकाका उभे होते. काळा कोट, डोक्यावर काळी टोपी, ऑगस्टच्या उन्हात. दोरी अजून हातात होती आणि ते तिला नाक पुसत होते.

"मास्तर," पपा मागून म्हणाले, "चक्की पुढून बघायची असते."

आरोनकाका सावकाश वळले. ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी पपांना टोपीपासून बुटांपर्यंत नीट पाहिलं, चुकीचं उत्तर फळ्यावर लिहिणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं.

"तू मेलायस," ते म्हणाले.

"कोंबड्यांचा गेला."

"अरे देवा. तो भला माणूस होता."

"आणि मी?"

"मी तीन वर्षांनी इथे पाऊल टाकलं ते तू मेलास म्हणून. नसशील मेला तर मी निघतो."

"जा की. आधी ते पातं सरळ कर. सगळ्या गावाला वाटत असेल माझं लग्न आहे."

"दुःख डावीकडे. मी डावीकडेच लावलंय!"

"तुझ्या डावीकडे! मागून बघतोयस तू! पुढून ते उजवं होतं, गाढवा! चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलंस?"

"भूगोल शिकवला!" आरोनकाका ओरडले. "चक्कीच्या मागे उभं राहून शोक कसा करावा हे पुस्तकात नव्हतं!"

लोणी घुसळून दाखवणाऱ्या बायका घुसळायचं सोडून पाहत होत्या. रूथ कचेरीतून धावत आली, पपांना पाहून तिने तोंडावर हात ठेवला आणि मग त्यांच्या गळ्यात पडून त्यांच्याच मृत्यूबद्दल त्यांचं सांत्वन करायला लागली. पपा तिला थोपटत म्हणाले, "असं होतं कधी कधी."

नंतर दोघांनी मिळून पातं लावलं. आनंदातही नाही, दुःखातही नाही, नुसतं विश्रांतीला, सरळ. आरोनकाका दोरी धरत होते, पपा पुढून हात हलवत होते, आणि दोघंही सतत भांडत होते. काम झाल्यावर आरोनकाका दोरी गुंडाळता गुंडाळता, पपांकडे न पाहता म्हणाले, "डीडरिक, ते पत्र मी लिहिलं नव्हतं."

"जाऊ दे. मी माफ केलं तुला."

"मला तुझी माफी नकोय. मी लिहिलंच नाही."

"अरे, आज मी माझ्या मयताचे पाव खाल्लेत. आज मी सगळ्यांना माफ केलंय."

"न केलेल्या गोष्टीची माफी घेऊन मी काय करू? कुठे ठेवू?"

"अर्धविरामाच्या मागे ठेव."

आरोनकाका हसले, पण मनापासून नाही. ते मला दिसलं. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते. दोन्ही म्हातारे माझ्याकडे पाहत होते, जणू निकाल मी द्यायचा होता. तोंडाशी आलेलं वाक्य तयार होतं. सगळेच इतके हसत होते, त्या दिवशी काहीही चाललं असतं.

मी म्हटलं, "कोणाला भूक लागलीय?"

मग आम्ही संग्रहालयाच्या खानावळीत झाडाखाली बसून कलिंगड आणि तळलेल्या खुसखुशीत रोलकुखनच्या पट्ट्या खाल्ल्या. पपा आणि आरोनकाकांनी बिया थुंकण्याची शर्यत लावली. आरोनकाका हरले आणि म्हणाले, मेलेल्या माणसाला सूट मिळते.

परत येताना पपांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आज सगळ्यांनी आपापलं बोलून घेतलं. तू सोडून."

"मला माहीत होतं ना तुम्ही आहात ते."

"हो," ते म्हणाले. "ते एक झालंच."

मी ठरवलं, उद्या सांगायचं. रविवार होता, चर्चहून येऊन दुपारी कॉफी-पाव होईल, तेव्हा. शब्दसुद्धा ठरवले, आणि त्यात एक विनोदही होता.

रविवारी सकाळी सातला मी कॉफी ठेवली आणि त्यांना हाक मारली. आठला पुन्हा मारली. मग आत गेले. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, पहाटे कधीतरी. काही कळलं नसेल. मी मान हलवली. स्वयंपाकघरात टेबलावर लोकांचे पाव होते, स्वच्छ टॉवेलांखाली, माणूस गेलेल्या घरात असावेत तसे.

रविवारी मला कोणाला फोन करवला नाही, अंत्यसंस्कारवाल्यांनीच वार ठरवून रेडिओला कळवलं. सोमवारी दुपारी रेडिओवर आलं. "डीडरिक हार्डर, वय एकोणऐंशी. अंत्यविधी गुरुवारी."

कोणीही आलं नाही.

अर्ध्या तासाने टीनाबाईंचा फोन. "ऐकलंस का गं लिओना? वय दुरुस्त करून सांगितलं! कळवलं असेल त्यानेच! कोंबड्यांच्या डीडरिकच्या बायकोला बिचारीला काय वाटलं असेल, दोनदा ऐकून. आणि वार पण बदलला?"

"टीनाकाकू," मी म्हटलं, "या वेळी ते आमचे आहेत."

"हो, हो. म्हणावं, पाव मिळणार नाहीत."

"काकू, पपा खरंच गेले."

आणि मला हसू फुटलं. ते मला चांगलं आठवतंय, कारण मी त्या वेळी स्वतःकडे लांबून पाहत होते. ते हसू घशातून वर आलं, मला थांबवता आलं नाही, आणि पलीकडे टीनाबाईही हसायला लागल्या. "बाप तसाच लेक," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत हेच. मी लोकांना फोन करत होते, वडील वारले म्हणून सांगत होते आणि मध्येच हसत होते, आणि जितकी हसत होते तितका कोणाचा विश्वास बसत नव्हता. रूथ म्हणाली, "त्यांना सांग, चक्की या वेळी पुढून बघूनच लावेन." लांबट डीडरिकने आपण शिल्लक असल्याचं मला मोठ्या गांभीर्याने कळवलं. चर्चच्या धर्मोपदेशकांनी विचारलं, "ते घरी आहेत का? मी त्यांच्याशी बोलतो." मी म्हटलं, "नाहीत." ते म्हणाले, "कुठे गेलेत?" आणि मी रिसीव्हर छातीशी धरून जमिनीवर बसले. रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांनी माझा श्वास ऐकला असावा. ते ताबडतोब गाडी काढून आले, आणि त्यांना पाहून मग सगळे आले, मान खाली घालून, या वेळी रिकाम्या हातांनी, कारण पाव आधीच आले होते.

आरोनकाकांना मी सर्वांत शेवटी फोन केला.

"त्याला दे फोन," ते म्हणाले.

"देता येत नाही, काका."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "गुरुवारी सकाळी लवकर ये. चक्कीवर. मला पुढून बघायला माणूस लागेल."

गुरुवारी आठ वाजता आम्ही दोघं तिथे होतो. संग्रहालय उघडायचं होतं. फक्त रस्ता चुकून एक प्रवासी कुटुंब फाटकाशी येऊन थांबलं होतं, आई, बाप आणि आजीबाई, कॅमेऱ्यासकट, आणि रूथने त्यांना आत घेतलं होतं. वारा होता, आणि त्यामुळेच सगळं बिघडलं. आरोनकाकांनी मागे ब्रेक सैल केला, मी पुढे उभी राहून हात वर केला, पात्याने माथा ओलांडला, मी ओरडले "बस!" आणि चक्की थांबायच्या ऐवजी सरळ पुढे निघाली, फेरी पूर्ण करून दुसरं पातं माथ्यावर आलं, तेही गेलं.

"थांबवा!"

"थांबवतोय!"

"काका, आता आनंदात आहे!"

"मग सोडतो!"

"सोडू नका! अहो, गेलं! गेलं पुढे!"

पाच वेळा असं झालं. दर वेळी एक तर पातं अलीकडे अडकायचं, लग्नासारखं, नाहीतर दुःखाला वळसा घालून धावायचं. आजीबाईंना वाटलं, हा खास त्यांच्यासाठी कार्यक्रम आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सहाव्या वेळी आरोनकाका दोरीला लोंबकळले, त्यांचे पाय जमिनीवरून सुटले, टोपी उडाली आणि चक्की करकरत थांबली. डावीकडे. हातभर. नेमकी.

मी काळ्या कपड्यांत गवतात बसले आणि हसले. आरोनकाका मागून घाम पुसत आले, माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी वर पाहिलं आणि तेही हसले. बघता बघता त्यांचं हसणं ओसरलं.

प्रवासी बाप जवळ येऊन नम्रपणे म्हणाला, "याचा काही अर्थ असतो का?"

आरोनकाका माझ्याकडे वळले. "तू सांग. तुझा प्रांत आहे. पुरावा वगैरे."

मी त्या माणसाला सांगितलं, चक्कीवाल्याच्या घरी कोणी गेलं की असं लावतात. त्याने विचारलं, ही जुनी पद्धत आहे का तुमच्यात? मी म्हटलं, हो. त्याने टोपी काढली आणि कुटुंबाला घेऊन बाजूला झाला.

आरोनकाकांनी कोटाची बटणं नीट लावली. अंत्यविधीला अजून दोन तास होते.

"एक गोष्ट मला खाते," ते म्हणाले. "शनिवारी त्याने मला माफ केलं आणि रविवारी गेला. आता ती माफी माझ्याकडेच राहिली. मी काही केलं नव्हतं, तरी राहिली. तो जिवंत असता तर त्याच्या तोंडावर फेकली असती परत. आज तिथे सगळे बघतील, आरोन उन्गर येऊन बसला, म्हणतील चांगलं झालं, डीडरिकने मन मोठं केलं. आणि मी मान हलवायची." त्यांनी खाली वाकून टोपी उचलली. "चार वर्षं मी विचार करतोय, एवढं चांगलं शुद्धलेखन आणखी कोणाचं आहे."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. ते शिक्षक होते. उत्तर माहीत असलं तरी मुलाने ते स्वतः म्हणेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती.

मी उठले. स्कर्टचं गवत झटकलं. आरोनकाकांशी बोलायचं होतं, पण आधी ज्यांना सांगायचं होतं ते दुसरे. मी चक्कीकडे तोंड केलं. पपा पाहुण्यांची वाट पाहत ज्या दारात उभे राहायचे ते बंद होतं. सात वर्षांची असल्यापासून मी त्यांना इंग्रजीत उत्तरं देत आले, ते मला घरच्या बोलीत विचारायचे आणि मी इंग्रजीत बोलायचे. आता तोंडात घरची बोली आली. वाऱ्यात ऐकू जाईल असं, आरोनकाकांना स्वच्छ ऐकू जाईल असं मोठ्याने मी म्हणाले,

"पपा, ते पत्र आरोनकाकांनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. त्या माणसांसमोर मला तुमची लाज वाटली म्हणून लिहिलं. चार वर्षं तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत आणि मी बघत बसले. त्यांना दिलेली माफी माझी होती. आणि ती पात्यावरची फेरी पणजोबांनी मारली नव्हती, मला माहीत आहे. पण ती तुम्ही सांगायला लागलात की मला दर वेळी ती मुलगी दिसायची, कपडे वाळत घालणारी."